‘अलिबागहून आलास काय?’ : रायगडच्या किनाऱ्यावर ऐकलेली पोरांची बोली

मुंबईत कुणी भाबडेपणाने काही विचारले, की समोरचा हसून म्हणतो, ‘‘काय रे, अलिबागहून आलास काय?’’ हे वाक्य नाटकात आहे, सिनेमात आहे, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात आहे आणि आपल्या वस्तीच्या नाक्यावरही आहे. अलिबागचा माणूस म्हणजे ज्याला शहराची रीत कळत नाही असा माणूस, असे या वाक्याने परस्पर ठरवून टाकले आहे.

अलिबाग तालुक्यातल्या एका रहिवाशाला हे इतके लागले, की त्याने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. २०१९ साली न्यायालयाने ती याचिका फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होत असतात, तो अपमान समजू नये, असा न्यायालयाचा एकूण रोख होता. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण आमच्या मनात एक प्रश्न राहिलाच. विनोद सगळ्यांवर होतात हे खरे, पण बोलण्यावरून हसे कोणाचे होते? गावाकडच्या माणसाचे, हातावर पोट असलेल्या माणसाचे, ज्याच्या तोंडी ‘ण’ ऐवजी ‘न’ येतो त्याचे. आपल्यापैकी कित्येकांनी हे हसणे सोसलेले आहे.

हा प्रश्न घेऊन आम्ही पनवेलपासून मुरूडपर्यंतचा रायगडचा किनारा एसटीने हिंडून आलो. या भागातला समुद्र, किल्ले, नारळी-पोफळीच्या वाड्या यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. आम्ही मुख्यतः कान उघडे ठेवून फिरलो. इथली तरुण मुले-मुली आपापसात काय बोलतात, कसे बोलतात, आणि त्या बोलण्याची लाज वाटून घ्यावी की अभिमान, एवढेच आम्हांला पाहायचे होते.

गारी आयली

पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग असा गाडीचा रस्ता. मागच्या बाकड्यावर कॉलेजला जाणारी आणि कामावर निघालेली पोरे होती. त्यांच्यातला एक फोनवर म्हणाला, ‘‘दादूस, गारी लेट हाय. बॉसला मेसेज टाक, नायतर आज माझी फुल वाट लागंल.’’

एवढ्याशा बोलण्यात किती गावचे पाणी आहे ते पाहा. ‘दादूस’ म्हणजे थोरला भाऊ, हा आगरी बोलीतला शब्द. ‘लेट’, ‘बॉस’, ‘मेसेज’, ‘फुल’ हे इंग्रजी. ‘वाट लागणे’ हे मूळ मराठी, पण ते मुंबईच्या हिंदीत गेले, हिंदी सिनेमाने देशभर फिरवले आणि आता नव्या तोऱ्यात परत घरी आले. एवढी सरमिसळ होऊनही वाक्याची चौकट मात्र मराठीच राहिली. मेसेज ‘टाकायचा’, वाट ‘लागायची’. शब्द कुठूनही येवोत, त्यांना चालवणारी क्रियापदे इथलीच.

आता ‘गारी’ पाहा. शाळेत मास्तर म्हणतील, हा अशुद्ध उच्चार आहे. पण आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो तो नियमाने होतो. गाडीची गारी, घोड्याचा घोरा. ‘ळ’चा ‘ल’ होतो, म्हणून कोळ्याचा कोली आणि डोळ्याचा डोला. ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून पाण्याचे पानी. ‘वि’ आणि ‘वी’ मधला ‘व’ गळतो, म्हणून विहिरीची ईर आणि वीसचे ईस. एकट्या-दुकट्याची जीभ घसरली असती तर तिला चूक म्हणता आले असते. पण सबंध गाव, सबंध तालुका, पिढ्यान्‌पिढ्या एकाच रीतीने बोलत असेल तर ते त्या बोलीचे व्याकरणच म्हणायला हवे. फरक एवढाच, की हे व्याकरण कुणी छापून शाळेत लावले नाही.

आगर म्हणजे मिठागर किंवा शेती-बागायतीची जागा. आगरात राबणारे ते आगरी. मीठ पिकवणारे, खाजण बांधून भात काढणारे, मासेमारी करणारे अशा कष्टकऱ्यांची ही बोली. गावकुसाजवळच्या बौद्धवाडीतली मुलेही याच मुलांबरोबर शाळेत जातात, क्रिकेट खेळतात आणि मैदानावर हीच बोली बोलतात.

ही भेळ कोणी केली?

ही सरमिसळ पोरांनी गंमत म्हणून केलेली नाही. त्यामागे पोटापाण्याचा इतिहास आहे. कोकणातला माणूस आधी गिरणीत गेला. तिथे घाटावरचा मराठी, उत्तरेकडचा भय्या, तेलंगणातला पद्मशाली एकाच छपराखाली राबत होते. त्यांची एकमेकांशी बोलण्याची भाषा म्हणजे मुंबईची हिंदी. शिकलेले लोक तिला तोडकीमोडकी म्हणत, पण तिच्याशिवाय मुंबईचे एकही चाक फिरले नसते. पुढे १९७० साली सिडकोची स्थापना झाली, पनवेल-उरणच्या गावांची शेते नव्या मुंबईसाठी गेली. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. कंटेनर आले, ट्रेलर आले, उत्तर प्रदेश-बिहारचे ड्रायव्हर आले. मिठागरावरच्या बापाचा मुलगा कंटेनर यार्डात कामाला लागला. तिथे त्याला मालाची कागदपत्रे इंग्रजीत, ड्रायव्हरशी बोलणे हिंदीत आणि घरी आईशी बोलणे आगरीत. दिवसातून तीन भाषा ओलांडणाऱ्या पोराच्या जिभेवर चौथी भाषा तयार झाली नसती तरच नवल.

मग तिला सिनेमाने उचलले. १९९५ चा ‘रंगीला’, १९९८ चा ‘सत्या’, २००३ चा ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ या चित्रपटांनी मुंबईच्या नाक्यावरची भाषा पडद्यावर आणली. ‘बिनधास्त’, ‘झकास’, ‘राडा’, ‘लोचा’ हे शब्द मुंबईच्या हिंदीबरोबर दूरदूर पोचले. २०१५ साली डिव्हाईन आणि नेझी या मुंबईच्या दोन तरुणांचे ‘मेरे गली में’ हे रॅप गाणे गाजले, आणि त्या दुनियेवर २०१९ साली ‘गली बॉय’ हा चित्रपट निघाला. रॅप म्हणजे तालावर झपाझप बोलत गायची रीत. अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमधून ती आली. आमच्या शाहिरांना आणि जलसेकारांना ती फारशी परकी वाटू नये. अमरावतीचा विपिन तातड हा तरुण याच रीतीने जातीचा प्रश्न मांडतो.

किनाऱ्यावरच्या पोरांचे खरे विद्यापीठ मात्र हळदीचा मांडव. आगरी-कोळी गाणी आता सगळ्या महाराष्ट्रात लग्नाच्या आदल्या रात्री वाजतात. त्यांत कोळीगीताचा ताल आहे, हिंदी सिनेमाची चाल आहे, इंग्रजी शब्दांची फोडणी आहे. इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. लोकशाहीर विठ्ठल उमप भीमगीते गात, तसेच कोळीगीतेही मनापासून गात. २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रम सुरू असतानाच त्यांनी देह ठेवला. एका बौद्ध शाहिराच्या गळ्यातून कोळ्यांचा दर्या ऐकू आला आणि महाराष्ट्राने तो आपला मानला. गाण्याला जातीचा दाखला लागला नाही.

कोर्लईची ‘आमची भाषा’

अलिबागहून चौल, रेवदंडा करीत साळावचा पूल ओलांडला, की कोर्लई लागते. डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला, पायथ्याशी कोळ्यांच्या होड्या आणि जवळच ख्रिस्ती वस्ती. या वस्तीतले हजाराच्या आसपास लोक घरात एक वेगळीच भाषा बोलतात. ते तिला ‘नोलिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’.

तिची कथा ऐकण्यासारखी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी चौलला ठाणे केले. १५९४ साली त्यांनी कोर्लईचा किल्ला घेतला. किल्ल्यावर राबणारे, घरकाम करणारे, शिपाईगिरी करणारे इथलेच लोक होते. मालकाची भाषा कानावर पडे, ती त्यांनी आपल्या पद्धतीने उचलली. १७४० साली पोर्तुगीज हा मुलूख सोडून गेले. मालक गेला, पण कष्टकऱ्यांनी घडवलेली ही भाषा राहिली. आज पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती आईकडून मुलाकडे चालत आली आहे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषातज्ज्ञाने तिचा अभ्यास करून १९९६ साली तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला.

या भाषेचे शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची मांडणी मराठीच्या वळणाची. पोर्तुगीज माणूस ‘मी खातो भात’ या क्रमाने बोलतो. कोर्लईचा माणूस शब्द पोर्तुगीज वापरतो, पण ‘मी भात खातो’ या क्रमाने. म्हणजे एसटीतल्या त्या पोराने जे केले तेच. माल बाहेरचा, बांधणी घरची.

आणि आपण तरी वेगळे कुठे आहोत? वडापावातला ‘बटाटा’ पोर्तुगीजांकडून आला, ‘पाव’ही त्यांच्याकडून आला. ‘चावी’, ‘बादली’, ‘घमेले’, ‘बिजागरी’, ‘लिलाव’ हे सगळे तिकडचे. महिन्याच्या शेवटी ज्याची आपण वाट पाहतो तो ‘पगार’सुद्धा पोर्तुगीज शब्द आहे. आणि ‘कामगार’? त्यातले ‘काम’ आपले आणि ‘गार’ हा प्रत्यय फारसीचा. ज्या शब्दाने आपण स्वतःची ओळख सांगतो तोच मुळात भेसळीचा. मग भेसळ म्हणजे बिघाड असे कसे म्हणावे? जुनी भेसळ झाली की तिला शुद्ध म्हणतात आणि नवी असली की अशुद्ध, एवढाच काय तो फरक.

जंजिऱ्यापलीकडचा किनारा

बोर्ली, काशीद, नांदगाव मागे टाकीत आम्ही मुरूडला पोचलो. राजपुरीहून होडीने जंजिऱ्याकडे जाताना नावाडी हिंदी, मराठी आणि चार इंग्रजी शब्द मिसळून पर्यटकांना माहिती देत होता. ‘जंजिरा’ हा शब्दही अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट यावरून आलेला. हा किल्ला सिद्दींचा. त्यांचे पूर्वज आफ्रिकेच्या पूर्व भागातून आले. कोणी गुलाम म्हणून विकले गेले, कोणी शिपाई म्हणून आले, आणि त्यांतूनच राज्यकर्तेही झाले. मराठ्यांच्या कागदपत्रांत या मुलखाला ‘हबसाण’ म्हटले आहे. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झाले.

जंजिऱ्याच्या तटावरून पश्चिमेला पाहिले की समुद्रापलीकडे आधी अरबस्तान आणि त्याच्या खाली पूर्व आफ्रिका. शेकडो वर्षे मोसमी वाऱ्यावर शिडाची गलबते या दोन किनाऱ्यांमध्ये ये-जा करीत. मालाबरोबर शब्दही ये-जा करीत. तिकडची मोठी भाषा स्वाहिली. तिचा पाया आफ्रिकी, पण तिच्यात अरबी आणि हिंदुस्थानी शब्द भरपूर. वकिलाला तिकडे ‘वकिली’ म्हणतात, पुस्तकाला ‘किताबू’, पैशाला ‘पेसा’, चपातीला ‘चपाती’च. आणि गाडीला काय म्हणतात ठाऊक आहे? ‘गारी’! आपल्या आगरी पोराचा जो उच्चार मास्तर खोडतात, तोच उच्चार आफ्रिकेतल्या पाठ्यपुस्तकात शुद्ध म्हणून छापला जातो.

या स्वाहिलीच्या मुलखात, केनिया देशाच्या नैरोबी शहरात, आपल्या पोरांच्या बोलीची एक सख्खी बहीण आहे. तिचे नाव ‘शेंग’. स्वाहिली आणि इंग्लिश यांच्या मिश्रणावरून हे नाव पडले असे सांगतात. केनियात चाळीसहून अधिक जमाती, आणि जवळजवळ तितक्याच भाषा. नैरोबीच्या पूर्वेकडच्या कामगार वस्त्यांमध्ये किकुयू, लुओ, लुह्या, कांबा अशा वेगवेगळ्या जमातींची कुटुंबे एकेका खोलीत दाटीवाटीने राहू लागली. आपल्या बीडीडी चाळीच असे समजा. आईबाप आपापल्या जमातीची भाषा बोलत, शाळा इंग्रजीत, बाजार स्वाहिलीत. गल्लीतल्या पोरांनी या सगळ्यांचे मिश्रण करून आपली वेगळी बोली काढली. वडीलधाऱ्यांना कळू नये हाही त्यामागे एक हेतू होताच!

तिची एक गंमत सांगतो. तिकडच्या खासगी प्रवासी गाड्यांना ‘मटाटू’ म्हणतात. स्वाहिलीत ‘टाटू’ म्हणजे तीन. पोरांनी त्या ‘टाटू’च्या जागी इंग्रजी ‘थ्री’ बसवला आणि गाडीला ‘मथ्री’ म्हणू लागले. राहत्या खोलीला ते ‘केजा’ म्हणतात, तो इंग्रजीतल्या ‘केज’ म्हणजे पिंजरा या शब्दावरून. आठ बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या वाचकांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही.

शेंगलाही आधी नावेच ठेवली गेली. ही गुंडांची भाषा, हिच्यामुळे मुलांचे निबंध बिघडतात, अशी शिक्षकांची तक्रार तिकडे नेहमीची. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘कलामशाका’ या गायकांच्या गटाने स्वाहिली आणि शेंगमध्ये रॅप गायला सुरुवात केली. ही मुले दांडोरा वस्तीतली, जिथे नैरोबीचा सगळा कचरा येऊन पडतो. आपले देवनार म्हणा. पुढे शेंगमध्ये बोलणारे रेडिओ केंद्र निघाले. २०१० पासून ‘शुजाझ’ नावाचे चित्रकथांचे मासिक शेंगमध्ये निघू लागले आणि तरुणांना शेती-धंद्याची माहिती त्यांच्याच भाषेत मिळू लागली. ज्या बोलीला शाळेने दार बंद केले तिला रोजच्या जगण्याने दार उघडले.

भाषा चोरण्याची पाळी

नैरोबीच्या बोलीतला एक गुण आम्हांला सर्वांत मोलाचा वाटला. ती बोलणाऱ्या पोराची जमात त्याच्या बोलण्यावरून सहज ओळखता येत नाही. किकुयू पोर आणि लुओ पोर एकाच शब्दात एकमेकांना हाक मारतात.

आपल्याकडे बोलण्यावरून जात शोधण्याचे कसब फार जुने आहे. आडनाव विचारून समजले नाही, की गाव विचारायचे. गावावरून समजले नाही, की बोलणे ऐकायचे. म्हणून आपल्या आधीच्या पिढीत शिकलेल्या कित्येक माणसांनी शहरात आल्यावर सर्वांत आधी आपली बोली पुसून टाकली. बाबूराव बागुलांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाचे नावच ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे आहे. जात चोरणाऱ्याला भाषाही चोरावी लागते. आजी भेटायला आली की ती चार माणसांत काही बोलेल या धास्तीने नातू तिला लवकर आत नेतो. हे दुःख आपल्या घरांना नवे नाही.

ही कोंडी पहिल्यांदा आपल्याच लेखकांनी फोडली. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला. त्यात कामाठीपुऱ्याच्या गल्लीबोळांतली भाषा होती. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांसारख्या नामांकित लेखकालाही त्यातल्या बऱ्याच शब्दांचे अर्थ ढसाळांकडून समजून घ्यावे लागले. तोवर वस्तीतल्या माणसाने शब्दांचे अर्थ विचारायचे आणि सदाशिव पेठेने सांगायचे, अशी रीत होती. ती त्या दिवशी उलटली. पुढे १९८६ साली शांताबाई कांबळे आणि बेबीताई कांबळे यांची आत्मकथने पुस्तकरूपाने आली. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ या नावातला ‘माज्या’ कुणी ‘माझ्या’ करून छापला नाही. २०१६ साली नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मधली आर्ची करमाळ्याकडच्या बोलीत बोलली आणि तिची भाषा महाराष्ट्रभर पोरींच्या तोंडी बसली.

रायगडच्या किनाऱ्यावरची पोरे आज जी भेळ बोलतात तिच्यातही हा गुण आहे. क्रिकेटच्या मैदानावर ‘दादूस, फुल झकास!’ अशी आरोळी उठते तेव्हा ती आगऱ्याच्या पोराने दिली, कोळ्याच्या, मुसलमानाच्या की बौद्धाच्या, हे कानाला समजत नाही. शेकडो वर्षांत कुठल्या धर्मग्रंथाने जे होऊ दिले नाही ते नाक्यावरच्या बोलीने थोडेसे करून दाखवले आहे.

थोडेसेच, हेही लक्षात ठेवले पाहिजे. केनियात २००७ च्या निवडणुकीनंतर जमातींमध्ये भीषण दंगे झाले, हजारावर माणसे मेली. एक बोली बोलणारी तरुण पिढी असूनही ते टळले नाहीत. आपल्याकडेही मैदानावर ‘दादूस’ म्हणणारा मित्र लग्नाचा विषय निघाला की जात विचारतो. बोली दार उघडते, पण उंबरठा माणसालाच ओलांडावा लागतो.

दुसरी गोष्ट अधिक टोचणारी आहे. पोरांच्या या बोलीत आईबहिणीवरून शिव्या आहेत, जातीवरून मारलेले टोमणे आहेत. हळदीच्या काही गाण्यांत बाईला वस्तू करून टाकले आहे. मांडवात लहान मुली त्याच गाण्यांवर नाचतात आणि आपण कौतुकाने मोबाईलवर चित्रण करतो. ‘ही तर आमची बोली’ म्हणून याचे समर्थन करता येणार नाही. कष्टकऱ्याची बोली आपली, म्हणून तिच्यातला कचराही आपणच उचलला पाहिजे.

कुड्याच्या लेण्यातले माळी

परतताना आम्ही मांदाडजवळच्या कुडा लेण्यांत गेलो. राजपुरीच्या खाडीकडे पाहणारी ही सव्वीस लेणी. सुमारे अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वीची. भिंतींवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे, भिक्खुणी आहे. भाषा प्राकृत, म्हणजे त्या काळच्या सामान्य माणसांची बोली. त्या काळी ‘देवांची भाषा’ म्हणून संस्कृतचा केवढा दरारा! पण माळ्याने आपले नाव आपल्या बोलीत कोरून घेतले आणि ते आजपर्यंत टिकले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो मिळवताना जी प्राचीन परंपरा पुढे मांडली गेली ती या प्राकृतातूनच येते. कालची अडाण्यांची बोली आज अभिजात ठरली.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून संघात आलेल्या दोन भिक्खूंनी तथागतांकडे तक्रार केली, की नाना जातींचे, नाना ठिकाणचे लोक आपापल्या बोलीत धम्म सांगून तो बिघडवतात, तेव्हा तो वेदांच्या भारदस्त भाषेत बांधून टाकू या. भगवंतांनी त्यांना खडसावले आणि ज्याने त्याने आपल्या बोलीत धम्म शिकावा अशी मोकळीक दिली. बोलीची लाज वाटणाऱ्या प्रत्येक आईबापाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

आणि हा जिल्हा तर महाडचा. १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्यावरचा हक्क इथेच बजावला. भाषा हेही सार्वजनिक तळेच आहे. त्यातून ओंजळ भरण्याचा हक्क सर्वांचा, आणि ते स्वच्छ राखण्याची जबाबदारीही सर्वांची.

घरात काय करावे?

वाचक बंधू-भगिनींनो, केवळ अभिमान बाळगून भागणार नाही. मुलाला नोकरीचा अर्ज लिहायचा आहे, मुलाखत द्यायची आहे, कोर्टकचेरीत आपले म्हणणे मांडायचे आहे. तिथे प्रमाण मराठी आणि इंग्रजी आलीच पाहिजे. बाबासाहेब इंग्रजीत विद्वानांना निरुत्तर करीत आणि ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’मधून मराठीत आपल्या माणसांशी बोलत. एक भाषा शिकण्यासाठी दुसरी पुसावी लागत नाही, याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

म्हणून मुलगा ‘पानी’ म्हणाला तर ‘अडाण्यासारखा बोलू नकोस’ असे म्हणू नका. ‘घरी आपण पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितात, दोन्ही लक्षात ठेव,’ असे सांगा. त्याने त्याला दोन भाषा येतील. पहिल्या पद्धतीने त्याला फक्त लाज येईल, आणि लाजलेले पोर वर्गात हात वर करीत नाही. हात वर न करणारे पोर हळूहळू शाळेतूनच उठते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत मुलाला त्याच्या घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. पालकसभेत ही गोष्ट शिक्षकांपुढे शांतपणे मांडायला हरकत नाही.

आजी-आजोबांना जवळ बसवून त्यांच्या तोंडचे जुने शब्द वहीत उतरवून घ्या. गिरणीतले शब्द, शेतातले शब्द, जात्यावरचे शब्द. शेजारी मुलांनाही त्यांचे आजचे शब्द लिहायला सांगा. सुटीत हा खेळ दोन्ही पिढ्यांना आवडेल आणि घरातले बोलणे वाढेल. शिवी आली तर ती का लिहायची नाही हेही त्याच वेळी समजावता येईल.

आणि कुणी तुमच्या मुलाला हसून विचारले, की काय रे, अलिबागहून आलास काय, तर त्याला मान खाली घालू देऊ नका. ज्या किनाऱ्यावर माळ्याने आपले नाव आपल्या बोलीत दगडावर कोरले, जिथे मालक निघून गेले तरी राबणाऱ्यांची भाषा टिकली, त्या किनाऱ्याचे नाव घेण्यात कमीपणा कसला?